घरातली वस्तू बिघडली आणि कंपनी दाद देत नाही, तेव्हा काय करावे?

समजा, तुम्ही हप्त्यावर मिक्सर घेतला. चौथ्या महिन्यात चटणी वाटताना जळका वास आला आणि भांडे फिरायचे थांबले. दुकानदार म्हणतो, "आमचे काम विकण्याचे, तुम्ही सर्व्हिस सेंटरला न्या." सर्व्हिस सेंटर दोन एसटी बदलून जावे लागते अशा गावी. तिथला माणूस झाकण उघडून पाहतो आणि सांगतो, "कॉइल जळली आहे. तुम्ही जास्त लोड दिला. हे वॉरंटीत बसत नाही, नऊशे रुपये होतील."

अशा वेळी बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. नऊशे रुपये भरले जातात, नाहीतर मिक्सर माळ्यावर जातो. हप्ते मात्र चालू राहतात. तिसरा मार्गही आहे. त्याची सुरुवात करायला वकील लागत नाही, शुल्क लागत नाही आणि घरबसल्या फोनवरून निम्मे काम होते. तो मार्ग इथे क्रमाने सांगितला आहे.

हा हक्क कोणाला आहे?

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा प्रत्येक जण या कायद्याने ग्राहक आहे. पैसे रोख दिले, अर्धे दिले, हप्त्याने दिले, फोनवरून मागवले, तरी फरक पडत नाही. वस्तू पतीच्या नावावर घेतली आणि वापरते पत्नी, तरी तीसुद्धा ग्राहक आहे. वस्तू शंभर रुपयांची आहे म्हणून तक्रार करता येत नाही, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.

एक गोष्ट बचत गटातल्या ताईंना आणि छोटा व्यवसाय करणाऱ्यांना मुद्दाम सांगायला हवी. तुम्ही मुद्रा कर्ज काढून शिलाई मशीन किंवा पिठाची छोटी गिरणी घेतली आणि ती बिघडली, तर कंपनीकडून कधी कधी उत्तर येते की "तुम्ही धंद्यासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहक नाही." हे अर्धेच खरे आहे. नफ्यासाठी मोठा व्यापार करणारा ग्राहक धरला जात नाही. पण केवळ स्वयंरोजगारातून स्वतःचे पोट भरण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू कायद्याने व्यापारी कामातून वगळली आहे. शिलाईवर घर चालवणारी बाई ग्राहकच आहे.

बिल नसेल तर बोलणे अवघड होते

बिल मागितले की काही दुकानदार म्हणतात, "पक्के बिल हवे असेल तर जीएसटी वेगळा लागेल." लक्षात ठेवा, खोक्यावर छापलेल्या कमाल किमतीत, म्हणजे एमआरपीमध्ये, सगळे कर आधीच धरलेले असतात. बिल घेतले म्हणून छापील किमतीच्या वर एक रुपयाही मागता येत नाही. बिल न देणे ही कायद्याच्या भाषेत अनुचित व्यापारी प्रथा आहे.

दुकानात लावलेली आणखी एक पाटी तुम्ही पाहिली असेल : "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." रंग आवडला नाही किंवा शेजारच्या दुकानात स्वस्त मिळाला, एवढ्यासाठी माल परत घेण्याची सक्ती दुकानदारावर नाही. पण माल सदोष निघाला तर ही पाटी चालत नाही. बिलावर परतीची जी मुदत लिहिली असेल त्या मुदतीत, आणि काहीच लिहिले नसेल तर ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून नवी वस्तू खोक्यात तशीच ठेवू नका. दिवाळीला घेतलेली इस्त्री संक्रांतीला उघडली तर ही मुदत हातची जाते.

बिल मिळाले की त्याच दिवशी त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मशीनमधून निघणाऱ्या चकचकीत कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात, आणि नेमकी गरज पडते तेव्हा हातात कोरा कागद उरतो. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्या. वस्तूच्या बुडाशी किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर सिरियल नंबर असतो, त्याचाही फोटो ठेवा. बिल हरवले असेल तर सगळे संपले असे नाही. यूपीआयने पैसे दिल्याचा मेसेज, हप्त्याच्या कर्जाची कागदपत्रे, शिक्का मारलेले कार्ड, ऑनलाइन ऑर्डरची नोंद यांपैकी जे असेल ते पुरावा म्हणून पुढे ठेवता येते.

वॉरंटी कार्डावर काय वाचायचे

जाहिरातीत "पाच वर्षे वॉरंटी" असे मोठ्या अक्षरांत असते. कार्ड उघडले की कळते, पाच वर्षे फक्त मोटरला आहेत, बाकी मिक्सरला दोन, आणि भांडी, पाते, वायर यांना काहीच नाही. हे घेण्यापूर्वी वाचणे बरे. त्याहून उपयोगी प्रश्न दुकानात विचारा : "याचे सर्व्हिस सेंटर आपल्या तालुक्यात कुठे आहे? माणूस घरी येतो की आम्ही न्यायचे?" दोनशे रुपये जास्त देऊन जवळ सर्व्हिस असलेली वस्तू घेणारे सहसा समाधानी राहतात. स्वस्त पंख्याची दुरुस्ती जिल्ह्याच्या गावी असेल तर तो स्वस्त उरत नाही.

वस्तू बंद पडली की आधी गल्लीतल्या मेकॅनिककडे उघडू नका. सील तुटले की बहुतेक कंपन्या वॉरंटी नाकारतात आणि तिथे तुमची बाजू खरोखर कमकुवत होते.

सर्व्हिस सेंटरमध्ये वस्तू देताना जॉबशीट घेतल्याशिवाय निघू नका. त्यावर तारीख, बिघाड काय आहे आणि वस्तू कोणत्या अवस्थेत घेतली हे लिहिलेले असावे. "जास्त लोड दिला" असे कोणी म्हणाले तर त्यांना एवढेच सांगा : हे कारण जॉबशीटवर लिहून द्या. तोंडी नकार नंतर कोणी कबूल करत नाही. लेखी नकार मात्र तुमच्या हातातला कागद बनतो. अनेकदा लिहून द्यायची वेळ आली की नकारच बदलतो.

हप्ते थांबवू नका. वस्तूचा वाद कंपनीशी किंवा दुकानाशी आहे. कर्ज दिले आहे बँकेने किंवा फायनान्स कंपनीने. हप्ते थकले तर दंड लागतो, तुमची पतनोंद बिघडते, आणि पुढे गटाचे किंवा घराचे कर्ज घेताना ते आडवे येते.

कस्टमर केअरचा नंबर कुठून घ्याल?

मोबाइलवर "अमुक कंपनी कस्टमर केअर" असे शोधून पहिला दिसेल त्या नंबरला फोन करणे धोक्याचे आहे. फसवणूक करणारे लोक स्वतःचे नंबर कंपनीच्या नावाने टाकून ठेवतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, "दहा रुपये नोंदणी शुल्क भरा" म्हणतो, एक लिंक पाठवतो किंवा फोनची स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप घ्यायला सांगतो, आणि खात्यातले पैसे जातात. मिक्सरच्या नऊशे रुपयांसाठी सुरू झालेली गोष्ट घरकुलाच्या हप्त्यावर येऊन संपू शकते.

पाकीटबंद वस्तूवर तक्रारीसाठी संपर्काचे नाव, पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल छापणे नियमाने बंधनकारक आहे. नंबर तिथूनच घ्या, किंवा वॉरंटी कार्डावरून. ओटीपी, यूपीआय पिन कोणालाही सांगू नका. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, तो फक्त देताना लागतो. फसवणूक झालीच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

कंपनीला लेखी तक्रार

फोनवरच्या तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. कंपनीला ईमेल करा, किंवा पोस्टाने पत्र पाठवून पोच जपून ठेवा. पत्र साधे असावे. रागाची वाक्ये आणि धमक्या नकोत, तारखा आणि आकडे हवेत. असे लिहिता येईल :

"मी दिनांक … रोजी … या दुकानातून आपल्या कंपनीचा मिक्सर (मॉडेल …, सिरियल नंबर …) रुपये … ला घेतला. बिल क्रमांक … सोबत जोडले आहे. दिनांक … रोजी तो बंद पडला. दिनांक … रोजी … येथील सर्व्हिस सेंटरने वॉरंटीत दुरुस्ती करण्यास नकार दिला. जॉबशीटची प्रत सोबत आहे. वस्तू वॉरंटीच्या मुदतीत असून मी ती घरगुती कामासाठीच वापरली आहे. कृपया १५ दिवसांत मिक्सर विनामूल्य दुरुस्त करून द्यावा, किंवा बदलून द्यावा, किंवा घेतलेली रक्कम परत करावी. तसे न झाल्यास मला ग्राहक आयोगात जावे लागेल."

खाली नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि सही. एक प्रत स्वतःजवळ ठेवा. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून किंवा गावातल्या सेवा केंद्रातून लिहून घ्या.

१९१५ : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन

कंपनीने उत्तर दिले नाही, किंवा टोलवाटोलवी केली, की १९१५ हा क्रमांक लावा. फोन मोफत आहे. राष्ट्रीय सुट्ट्या सोडून रोज सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत तो चालतो. मराठीसह १७ भाषांत बोलता येते, त्यामुळे तुम्ही सुरतला, इंदूरला किंवा हैदराबादला राहत असलात तरी तक्रार मराठीत सांगू शकता. ८८००००१९१५ या क्रमांकावर व्हॉट्सअ‍ॅपनेही तक्रार नोंदवता येते.

फोन करण्याआधी बिल, जॉबशीट आणि कंपनीला पाठवलेले पत्र समोर ठेवा. "कंपनी फसवते" असे मोघम न सांगता वस्तू, तारीख, रक्कम आणि तुम्हाला नेमके काय हवे ते सांगा : दुरुस्ती, बदली की पैसे. तक्रारीचा एक क्रमांक मिळतो. पुढची स्थिती त्याच क्रमांकावर कळते. अनेक मोठ्या कंपन्या या हेल्पलाइनशी थेट जोडलेल्या आहेत, तक्रार त्यांच्याकडे लगेच पोचते, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये ज्याचे "होणार नाही" असे उत्तर मिळाले होते ते काम अशा वेळी झालेलेही दिसते.

मात्र हेल्पलाइन हुकूम काढू शकत नाही. ती कंपनीला विचारते, तुमची बाजू मांडते, तडजोड घडवायचा प्रयत्न करते. कंपनीने ऐकले नाही तर तक्रार तिथे बंद होते. तो शेवट नाही, पण पुढचे पाऊल तुम्हालाच टाकावे लागते.

जिल्हा ग्राहक आयोग

वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात करायची असते. घरगुती वस्तू याच कक्षेत येतात. ५ लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूंसाठी आयोगाचे शुल्क शून्य आहे.

पूर्वी अडचण अशी होती की दुकान किंवा कंपनी जिथे असेल तिथे जाऊन भांडावे लागे. आता तुम्ही जिथे राहता किंवा जिथे काम करून पोट भरता तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. कामासाठी सुरतला असताना तिथून फ्रीज घेतला आणि आता नंदुरबारला गावी परत आलात, तर तक्रार नंदुरबारला होते. कंपनीला तिथे यावे लागते. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी या कायद्यातली ही सर्वांत कामाची तरतूद म्हणावी लागेल.

वकील सक्तीचा नाही, तुम्ही स्वतः बोलू शकता. हवा असेल आणि परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदत मागा. महिला, अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती यांना ही मदत उत्पन्न न पाहता मिळते. त्यांचा क्रमांक १५१०० आहे. तक्रार ऑनलाइन करायची तर १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या पोर्टलवर करता येते. तक्रारीसोबत शपथपत्र, बिल आणि आधीच्या पत्रव्यवहाराच्या प्रती लागतात.

आयोगाला वाटले तर तो वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवतो. त्याचा खर्च आधी तुम्हाला भरायला सांगितला जाऊ शकतो. "कॉइल जास्त लोडने जळली" हे कंपनीचे म्हणणे तिथे तपासले जाते. तक्रार खरी ठरली तर आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलायला, व्याजासह पैसे परत करायला, आणि झालेल्या त्रासाची व खर्चाची भरपाई द्यायला सांगू शकतो. आदेश पाळला नाही तर १ महिना ते ३ वर्षे तुरुंगवास, किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे.

वेळेबद्दल स्पष्ट सांगायला हवे. कायदा म्हणतो की नोटीस पोचल्यापासून तपासणी नको असेल तर ३ महिन्यांत आणि तपासणी असेल तर ५ महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात अनेक प्रकरणांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणून तीन हजारांच्या मिक्सरसाठी आधी १९१५ पूर्ण वापरून पाहणे शहाणपणाचे आहे. तुमची बाजूची मुदत मात्र पक्की आहे : वादाचे कारण घडल्यापासून २ वर्षे. "उद्या करतो, परवा करतो" म्हणत कंपनीने ही मुदत खाल्ली तर नुकसान तुमचे. योग्य कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नका.

जिथे पैशांपेक्षा जीव मोठा आहे

मिक्सर बंद पडला तर पाट्यावर चटणी होते. कुकर फुटला तर तसे नसते. घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह असणे १ फेब्रुवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, कुकरसाठी तो आयएस २३४७, आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसते चिन्ह कोणीही छापू शकतो. हा परवाना क्रमांक "बीआयएस केअर" या मोफत सरकारी अ‍ॅपमध्ये टाका, कंपनीचे नाव आणि परवाना चालू आहे का ते दिसते. आठवडी बाजारात वजनावर मिळणारा, नाव नसलेला कुकर घेऊ नका. चिन्ह नसलेले कुकर विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या ऑनलाइन कंपन्यांवरही कारवाई केलेली आहे, तेव्हा वस्तू ऑनलाइन घेतली म्हणजे ती तपासलेली असेल असे धरून चालू नका.

सदोष वस्तूमुळे कोणी भाजले, जखमी झाले, तर फक्त वस्तूची किंमत नव्हे, त्या इजेची भरपाईही उत्पादकाकडे मागता येते. अशा वेळी फुटलेली वस्तू भंगारात देऊ नका. तिचे तुकडे, फोटो आणि दवाखान्याचे कागद हाच तुमचा पुरावा आहे.

गॅस सिलिंडरची तक्रारही इथेच सांगतो, कारण उज्ज्वला योजनेतून जोडणी मोफत मिळाली असली तरी पुढचे सिलिंडर तुम्ही पैसे देऊनच घेता. घरगुती मोठ्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते. दोन्हींची बेरीज करा आणि घरपोच देणाऱ्याला वजन करून दाखवायला सांगा. ते मागणे तुमचा हक्क आहे, त्यात संकोच कसला? वरच्या पट्टीवर "डी-२७" असे काही लिहिलेले असते. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर आणि डी डिसेंबरअखेर. म्हणजे या सिलिंडरची चाचणी डिसेंबर २०२७ पर्यंत ग्राह्य आहे. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका. नवीन जोडणीसोबत शेगडी एजन्सीकडूनच घेतली पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. एजन्सी ऐकत नसेल तर १८००-२३३३-५५५ या मोफत क्रमांकावर तक्रार करा. गळतीचा वास आला तर मात्र आधी रेग्युलेटर बंद करा, विजेचे बटण चालू किंवा बंद काहीही करू नका, दारे-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा. हा क्रमांक चोवीस तास चालतो.

पूर्ण मोफत मिळालेल्या वस्तूंचे काय?

ग्राहक आयोगात जाण्यासाठी वस्तूचा मोबदला दिलेला असावा लागतो. योजनेतून एकही रुपया न देता मिळालेली वस्तू सदोष निघाली तर ज्या कार्यालयाने ती वाटली त्यांच्याकडे लेखी अर्ज करून पोच घ्या. वाटपाच्या वेळी वॉरंटी कार्ड मागून घ्यायला विसरू नका. वस्तू मोफत असली तरी कंपनीने तिच्यावर दिलेली वॉरंटी असू शकते, आणि वाटपाच्या गर्दीत ही कार्डे खोक्यांबरोबर फेकली जातात. रेशनच्या धान्याचे वजन किंवा दर्जा याबद्दलची तक्रार १९६७ या क्रमांकावर करता येते.